जेफर्सनचा खर्डा व त्यांतील खोडाखोड

अमेरिकेंतील तेरा वसाहतींनीं इंग्लंडच्या राजाशीं असलेला संबंध तोडल्याचा जो जाहीरनामा ता. ४ जुलै १७७६ रोजीं संमत केला, त्याचा टॉमस जेफर्सनच्या हातचा खर्डा वॉशिंग्टन येथील काँग्रेसच्या ग्रंथालयांत जतन केलेला आहे. पत्रें दोन, पृष्ठें चार. ओळी दाट, आणि जागोजाग खोडून वर किंवा समासांत लिहिलेलें. हा आपला मूळ कच्चा खर्डा होय असा शेरा खुद्द जेफर्सननेंच त्यावर केलेला असून, कोणती दुरुस्ती फ्रँकलिनची व कोणती ॲडम्सची हेंहि त्यानें मागाहून समासांत नोंदून ठेविलें आहे. ज्यांचें आयुष्य दफ्तरें चाळण्यांत गेलें त्या आमच्या वाचकांस अशा कागदाची किंमत सांगावयास नको. जाहीरनामा पुष्कळांनीं वाचलेला असतो. खर्डा फारच थोड्यांनीं पाहिलेला असतो. त्या खर्ड्याचें छायाचित्र समोर ठेवून, राज्यशासन व मनुष्याचे हक्क यांविषयींची अर्वाचीन कल्पना तत्त्वज्ञांच्या ग्रंथांतून राजकारणाच्या कागदावर नेमकी कशी उतरली, याचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

या विषयावरील प्रचलित कथन बहुतेकांस मुखोद्गत आहे. युरोपांत ज्यास ज्ञानोदयाचा काळ म्हणतात त्या काळीं लॉकनें बीं पेरलें, माँटेस्क्यूनें त्यास पाणी घातलें, जेफर्सननें रोप अमेरिकेंत लाविलें, लाफायेतनें त्याची फांदी फ्रान्सांत नेली, आणि तेथून तें सर्व जगभर पसरलें. ही वंशावळ खोटी नाहीं. परंतु ती केवळ वंशावळ आहे. बखरकार जसा पिढ्यांचीं नांवें एकाखालीं एक मांडून मोकळा होतो, आणि बापाच्या वतनांतील कोणता भाग मुलाकडे आला व कोणता वाटेंत गळाला हें सांगत नाहीं, तसा हा प्रकार आहे. वाटेंत काय गळालें हें पाहावयाचें तर अस्सल कागदाकडेच गेलें पाहिजे.

प्रथम लॉकविषयीं थोडेंसें. त्याचे राज्यशासनावरील दोन प्रबंध सन १६८९ च्या अखेरीस छापून निघाले. मुखपृष्ठावर मात्र सन १६९० घातलेला आहे व ग्रंथकाराचें नांव मुळींच नाहीं. हा ग्रंथ आपला असल्याचें लॉकनें उघडपणें कबूल केलें तें १७०४ सालीं, मृत्युपत्रास जोडलेल्या पुरवणींत. १६८८ सालच्या इंग्रजी राज्यक्रांतीचें समर्थन करण्यासाठीं हा ग्रंथ लिहिला गेला असा समज अडीचशें वर्षें चालत आला. केंब्रिजच्या पीटर लॅस्लेट यानें १९६० च्या आपल्या आवृत्तींत दाखवून दिलें कीं, ग्रंथाचा बहुतेक भाग १६७९ ते १६८३ च्या दरम्यानचा आहे. म्हणजे झालेल्या क्रांतीची ही कैफियत नव्हे. पुढें व्हावयाच्या क्रांतीची ही मागणी होती. छापाच्या सनावरून रचनेचा सन ठरविणारांनीं हें उदाहरण नित्य ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

जेफर्सनच्या जाहीरनाम्यांत लॉकचे ठसे शोधणें अवघड नाहीं. राजाच्या एखाद्या चुकीसरशीं प्रजेनें उठूं नये, पण अत्याचारांची लांबच लांब मालिका एकाच हेतूनें चाललेली दिसली म्हणजे उठावें, हा विचार दोहोंकडे आहे. इतकेंच नव्हे, तर त्या मालिकेचा शब्दप्रयोगहि दोहोंकडे जवळजवळ तोच आहे. जेफर्सनचाच प्रांतबंधु रिचर्ड हेन्री ली यानें तर हा मजकूर लॉकच्या ग्रंथावरून उतरविला असा शेरा मारला होता. जेफर्सननें १८२३ सालीं मॅडिसनला लिहिलेल्या पत्रांत त्याचें उत्तर दिलें आहे : लिहितांना आपण कोणतेंहि पुस्तक वा पत्रक उघडलें नाहीं, आणि नवें कांहीं शोधून काढणें हें आपलें कामच नव्हतें. दोन वर्षांनंतरच्या दुसऱ्या एका पत्रांत त्यानें ॲरिस्टॉटल, सिसेरो, लॉक व सिडने हीं चार नांवें आधारादाखल घेतलीं आहेत. दोन्ही उत्तरें आम्हांस खरीं वाटतात. ज्याला एखादा ग्रंथ पाठ आहे त्याला तो उघडण्याची गरज पडत नाहीं.

यापुढें मूळ शोधणारांची जी मोठी परंपरा झाली तिचें परीक्षण थोडक्यांत करतों. कार्ल बेकर यानें १९२२ सालीं लॉकचा पक्ष मांडला, आणि तो पुष्कळ काळ निर्वेध चालला. १९७८ सालीं गॅरी विल्स यानें लॉकला बाजूस सारून स्कॉटलंडच्या हचेसनादि तत्त्ववेत्त्यांस त्याच्या गादीवर बसविलें. पुढच्याच वर्षीं रोनाल्ड हामोवी यानें विल्सचीं प्रमाणें एकेक तपासून त्यांतील बरींच लटपटीत ठरविलीं. १९९७ सालीं पॉलीन मेयर हिनें वादाची दिशाच बदलली. एप्रिल ते जुलै १७७६ या चार महिन्यांत निरनिराळ्या प्रांतांनीं, जिल्ह्यांनीं व गांवांनीं केलेले सुमारें नव्वद ठराव तिनें पुढें आणले, आणि जेफर्सन हा एका मोठ्या मेळ्यांतील एक मसुदेकार होता असें दाखविलें. या चौघांत आमचा कल मेयरबाईकडे आहे, कारण तिनें ग्रंथांवरून ग्रंथांकडे न जातां कागदांवरून कागदांकडे जाण्याचा मार्ग धरला. विल्सचा ग्रंथ वाचावयास रसाळ खरा, पण पद जुळलें कीं ऋण ठरलें असें मानण्याची खोड त्यास फार आहे. आपल्याकडेहि संतवाङ्मयाच्या चर्चेंत ही खोड अपरिचित नाहीं.

मेयरबाईच्या कागदांतील सर्वांत जवळचा म्हणजे व्हर्जिनियाच्या हक्कांच्या जाहीरनाम्याचा जॉर्ज मेसनकृत मसुदा. तो ता. १२ जून १७७६ च्या फिलाडेल्फियाच्या वर्तमानपत्रांत छापून आला. जेफर्सन त्या वेळीं त्याच शहरांत ग्राफ नांवाच्या गवंड्याच्या घरीं बिऱ्हाड करून होता, आणि खर्डा करण्यासाठीं नेमलेल्या पांच जणांच्या समितींत त्याचें नांव आदल्याच दिवशीं पडलें होतें. मेसनच्या मसुद्यांत जीवित व स्वातंत्र्य हे हक्क आहेत. मालमत्ता मिळविण्याचीं व राखण्याचीं साधनें आहेत. आणि सुख व सुरक्षितता यांचा शोधहि आहे. जेफर्सननें यांतील जीवित, स्वातंत्र्य व सुखाचा शोध हीं तीन पदें घेतलीं आणि मालमत्ता गाळली. लॉकच्या त्रयींत तर मालमत्ता हा मेरुमणि! तेव्हां केवळ लॉकची नक्कल म्हणावी तर मेरुमणीच गायब, आणि केवळ मेसनची म्हणावी तरी तोच गायब. जेफर्सननें काय घेतलें यापेक्षां काय घेतलें नाहीं याकडे पाहिल्याखेरीज गांठ सुटत नाहीं.

आतां प्रत्यक्ष खर्ड्याकडे वळतों.

पहिला पाठभेद सर्वश्रुत आहे. ज्या तत्त्वांवर सर्व जाहीरनामा उभा आहे त्यांस जेफर्सननें प्रथम 'पवित्र व निर्विवाद' म्हटलें होतें. तें खोडून 'स्वयंसिद्ध' केलेलें आहे. ही दुरुस्ती कोणाच्या हातची? बेकरला त्या अक्षराचें वळण फ्रँकलिनचें वाटलें. ज्युलियन बॉइड यानें १९४५ सालीं सर्व प्रती शेजारीं ठेवून तें जेफर्सनचेंच असावें असें मत दिलें. या वादांत उपयोगी पडणारा पुरावा जॉन ॲडम्सनें आपल्यासाठीं करून घेतलेल्या नकलेंत आहे, जी आज बॉस्टन येथें आहे. त्या नकलेंत 'स्वयंसिद्ध' हें पद आलेलें आहे. पण 'सर्व माणसें समान व स्वतंत्र निर्माण झालीं' यांतील 'व स्वतंत्र' हीं पुढें गळालेलीं पदें अजून शाबूत आहेत, आणि हक्क 'त्या समान निर्मितींतून' प्राप्त होतात असाच जुना पाठ आहे, 'निर्मात्यानें दिलेले' असा नवा नाहीं. म्हणजे 'स्वयंसिद्ध' ही दुरुस्ती अगदीं आरंभींची, व निर्मात्याचें नांव नंतरचें. एवढ्यावरून फ्रँकलिनचा दावा अगदींच निकालांत निघतो असें नाहीं, पण तो दुबळा मात्र होतो.

हातापेक्षां अर्थ अधिक महत्त्वाचा. 'पवित्र' म्हणजे जें श्रद्धेनें मानावयाचें. 'स्वयंसिद्ध' म्हणजे भूमितींतील गृहीतकाप्रमाणें जें समजतांच पटतें. एका पदाच्या बदलानें राजकारणाचा पाया देवघरांतून युक्लिडच्या पाठशाळेंत गेला, आणि ज्ञानोदयाचा याहून ठळक शिक्का कोणत्याहि सरकारी कागदावर क्वचितच उमटला असेल. परंतु त्याच वाक्यांत कांहीं दिवसांनीं निर्मात्याचें नांव आलें, आणि पाया पुनः अर्धा देवघराकडे सरकला. हा सर्व कागद निव्वळ बुद्धिवादाचा आहे असें म्हणणारे आणि तो निव्वळ धर्मभावनेचा आहे असें म्हणणारे असे दोन पक्ष अमेरिकेंत अद्यापि भांडत असतात. दोघांनींहि खर्डा पाहिल्यास प्रत्येकास निम्मी ओळ आपली व निम्मी दुसऱ्याची सांपडेल.

दुसरा पाठभेद १९१० सालच्या संशोधकांसहि ठाऊक नव्हता. तो उजेडांत आला २०१० सालीं. राजाविरुद्ध केलेल्या तक्रारींच्या यादींत एके ठिकाणीं 'नागरिक' या पदाखालीं शाईचा डाग दिसत असे. ग्रंथालयांतील शास्त्रज्ञांनीं निरनिराळ्या तरंगांच्या प्रकाशांत छायाचित्रें घेऊन डागाखालचें अक्षर वाचलें, तें 'प्रजाजन' असें निघालें. इतरत्र जेफर्सन चुकलेलें पद सरळ रेघ मारून खोडतो व वर नवें लिहितो. येथें मात्र त्यानें शाई ओली असतांनाच पद पुसून काढलें आणि त्याच जागीं 'नागरिक' लिहिलें. ज्या लेखकाला प्रत्येक दुरुस्ती राखून ठेवण्याची, इतकेंच नव्हे तर तिच्यावर शेरे करून ठेवण्याची संवय, त्यानें हें एकच पद मागमूस न राहील असें कां पुसावें? जन्मापासून तेहतीस वर्षें तो राजाचा प्रजाजन होता. पद संवयीनें लेखणींतून उतरलें असावें, आणि उतरतांच तें या कागदावर राहतां कामा नये हें त्यास कळलें असावें. प्रजाजन राजाकडे पाहून ठरतो. नागरिक शेजारच्या नागरिकाकडे पाहून. लॉक, माँटेस्क्यू व रूसो यांचीं हजारों पृष्ठें वाचून जो फरक समजावयाचा, तो या अंगठ्याएवढ्या डागांत आहे. ज्या कलमांत हा डाग आहे तें कलम पुढें काँग्रेसनें गाळलें, म्हणून छापील जाहीरनामा कितीहि बारकाईनें वाचला तरी हा पाठभेद हातीं लागत नाहीं.

तिसरी खोडाखोड जेफर्सनची नव्हे, सभेची आहे. आणि आमच्या मतें हीच सर्वांत महत्त्वाची. समितीनें ता. २८ जूनला मसुदा सादर केला, आणि ता. २ ते ४ जुलै या तीन दिवसांत काँग्रेसनें त्याचा सुमारें चौथा हिस्सा छाटला. जेफर्सन शेजारीं बसून चुळबुळत होता असें पाहून फ्रँकलिननें त्यास एका टोपीवाल्याची गोष्ट सांगितली. पाटीवरचा मजकूर मित्रांच्या सूचनांनीं कमी होत होत शेवटीं टोपीचें चित्र व मालकाचें नांव एवढेंच उरलें, अशी ती गोष्ट. गोष्ट मौजेची आहे, पण काँग्रेसनें छाटलेलें सर्वच पाल्हाळ नव्हतें. छाटलेल्या मजकुरांत आफ्रिकेंतून माणसें धरून आणून विकण्याच्या व्यापाराचा दोष राजावर ठेवणारें एक लांब कलम होतें. त्या कलमांत जेथें माणसांच्या खरेदीविक्रीच्या बाजाराचा उल्लेख येतो तेथें 'माणसें' हें पद जेफर्सननें मोठ्या अक्षरांत लिहिलें आहे.

हें कलम निर्मळ आहे असें मात्र समजूं नये. त्याच्या उत्तरार्धांत, गुलामांस स्वातंत्र्याचें आमिष दाखवून राजा त्यांस धन्यांवर उठवीत आहे अशी तक्रार आहे. व्हर्जिनियाचा गव्हर्नर लॉर्ड डनमोर यानें नोव्हेंबर १७७५ मध्यें काढलेल्या जाहिरनाम्यावर तिचा रोख आहे. गुलाम आणिले म्हणूनहि राजा दोषी, आणि त्यांस मोकळे करूं पाहतो म्हणूनहि दोषी! शिवाय हें लिहिणाराच्या मालकीचे आयुष्यभरांत सहाशेंहून अधिक गुलाम होते. त्यांपैकीं हयातींत दोघांस व मृत्युपत्रानें पांच जणांस तेवढें त्यानें मुक्त केलें, आणि तो वारल्यावर जानेवारी १८२७ मध्यें त्याच्या वाड्यावर एकशेंतीस माणसांचा लिलांव पुकारला गेला.

काँग्रेसनें कलम कां गाळलें याचें कारण जेफर्सननें आपल्या टिपणांत दिलें आहे : दक्षिण कॅरोलिना व जॉर्जिया यांस हा व्यापार चालूच ठेवावयाचा होता, आणि उत्तरेकडील मंडळींपाशीं स्वतःचे गुलाम थोडे असले तरी त्यांचीं जहाजें या वाहतुकींत गुंतलेलीं होतीं. परंतु गाळतांना काँग्रेसनें काय राखलें तें पाहावें. अंतर्गत बंडाळ्या राजानें चेतविल्या एवढे शब्द तिनें शेवटच्या तक्रारींत नव्यानें घातले. म्हणजे माणसांच्या विक्रीविषयींचा संताप गेला, आणि विकलेल्या माणसांविषयींची भीति राहिली. त्याच कलमांत अमेरिकेच्या मूळ रहिवाश्यांस निर्दय रानटी म्हणणारें पद आहे, त्यावर तर कोणाचीहि लेखणी फिरली नाहीं.

व्हर्जिनियांतहि त्याच सुमारास असेंच घडलें होतें. सर्व माणसें निसर्गतः स्वतंत्र आहेत हें मेसनचें वाक्य सभेंत आलें तेव्हां, यानें आमचे गुलाम मोकळे होतील अशी हरकत निघाली. मग 'समाजांत प्रवेश करतांना' अशा अर्थाचीं चार पदें मध्यें घालण्यांत आलीं, गुलाम हे समाजांत मोडत नाहींत असें गृहीत धरून. तेथें पदें घालून अर्थ आवळला. फिलाडेल्फियांत पदें काढून तो मोकळा सोडला. लॉकच्या ग्रंथांत या दोन्ही युक्तींस भरपूर आधार मिळतो. हक्क निसर्गदत्त आहेत असें सांगणारा लॉक कॅरोलिनाच्या जमीनमालकांचा चिटणीस होता, आणि गुलामांवर धन्यास पूर्ण अधिकार देणारी त्या वसाहतीची १६६९ सालची घटना त्याच्या हाताखालून गेलेली आहे. तेव्हां तत्त्वज्ञांनीं तत्त्व सांगितलें व राजकारण्यांनीं तें बिघडविलें, ही सोपी विभागणीहि टिकत नाहीं.

हा शब्दांचा कीस काढण्याचा प्रकार वाटत असेल त्यांनीं पुढील प्रकरण लक्षांत घ्यावें. १८५७ सालीं ड्रेड स्कॉट नांवाच्या गुलामानें आपल्या मुक्ततेसाठीं चालविलेल्या दाव्यांत अमेरिकेच्या वरिष्ठ न्यायालयाचा मुख्य न्यायाधीश टॉनी यानें निकाल दिला कीं, जाहीरनाम्यांतील 'सर्व माणसें' या पदांत आफ्रिकी वंशाच्या लोकांचा अंतर्भाव करण्याचा कर्त्यांचा हेतु नव्हता. एका पदाच्या अर्थावर लक्षावधि लोकांचा प्रश्न लटकला होता, आणि त्या पदाचा कर्त्याला अभिप्रेत अर्थ दाखविणारा कागद अस्तित्वांत होता; इतकेंच नव्हे, तर जेफर्सनच्या नातवानें १८२९ सालीं छापलेल्या पत्रसंग्रहांत खर्ड्याची हुबेहूब प्रतिकृतीहि निघाली होती. ज्यानें 'सर्व माणसें' लिहिलें त्यानेंच दोन पृष्ठांपुढें, बाजारांत विकल्या जाणाऱ्या गुलामांविषयीं लिहितांना, 'माणसें' हेंच पद मोठ्या अक्षरांत वापरलें होतें. टॉनीच्या विधानाचा कर्त्यापुरता तरी यानें निरास होतो. सभेपुरता होतो कीं नाहीं, हा प्रश्न निराळा. कलम गाळणारी सभाच होती, आणि टॉनीच्या बाजूनें बोलावयाचें तर तें गाळणेंच पुढें करावें लागेल. ग्रंथकर्त्याचा अर्थ आणि संमत करणाऱ्या सभेचा अर्थ हे दोन निराळे पुरावे आहेत, आणि त्यांची गल्लत त्या खटल्यांत दोन्ही पक्षांकडून झाली असें आम्हांस वाटतें.

फ्रान्सविषयीं फार लिहीत नाहीं. १७८९ सालीं जेफर्सन पॅरिस येथें वकील असतां लाफायेतनें हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा त्यास दाखविला. जेफर्सनच्या संग्रहांतील त्या प्रतींत मालमत्ता व स्वतःच्या अब्रूची काळजी या दोन पदांभोवतीं कंस आहेत, आणि ते जेफर्सनचे समजले जातात. तेरा वर्षांपूर्वीं स्वतःच्या खर्ड्यांतून जें पद त्यानें गाळलें, तेंच तो येथेंहि गाळावयास सुचवीत होता. फ्रेंच सभेनें सल्ला मानला नाहीं, ता. २६ ऑगस्टला संमत झालेल्या सतरा कलमांत मालमत्तेचा हक्क दुसऱ्या कलमांत आहे व शेवटच्या कलमांत पुनः आहे. वंशावळ मांडणारांनीं या कंसांचा जमाखर्च कोठें घातला तें आम्हांस सांपडलें नाहीं.

कागदावरच एवढा भर कां, असें कोणी विचारील. १८२२ सालीं ॲडम्सनें लिहिलें कीं, खर्डा करण्यासाठीं आपली व जेफर्सनची पोटसमिति नेमली होती; दुसऱ्या वर्षीं जेफर्सननें जुन्या टिपणांच्या आधारानें तें साफ नाकारलें. जाहीरनाम्यावर सह्या ४ जुलैलाच झाल्या असें मात्र स्वतः जेफर्सन शेवटपर्यंत म्हणत राहिला, आणि काँग्रेसच्या रोजनाम्यावरून चर्मपत्रावरील प्रत लिहिण्याचा हुकूम १९ जुलैचा व सह्या २ ऑगस्टच्या ठरतात. दोघेहि प्रत्यक्षदर्शी, दोघेहि सत्यवक्ते, आणि दोघांचींहि स्मरणें चाळीस वर्षांवर गेलेलीं. त्या मानानें खर्डा बोलतो तें थोडें, पण १७७६ सालचें. तोहि अगदीं पहिला नव्हे. त्याच्याहि आधीच्या लेखनाचा एक तुकडा बॉइडला १९४७ सालीं जेफर्सनच्या कागदांत सांपडला. ४ जुलैच्या रात्रीं डनलप या मुद्रकानें छापलेल्या पत्रकांच्या सुमारें दोनशें प्रतींपैकीं सव्वीसच आज ज्ञात आहेत. त्यांतली एक पेनसिल्व्हेनियाच्या जुन्या बाजारांत चार डॉलरांस घेतलेल्या चित्राच्या चौकटीमागें निघाली व १९९१ सालीं चोवीस लक्ष डॉलरांवर विकली गेली. संग्राहकांनीं जुन्या तसबिरींच्या पाठी उलगडून पाहाव्या, हें यानिमित्तानें सांगून ठेवतों.

जेफर्सनचें या खर्ड्याशीं वागणें शेवटीं एकदां न्याहाळण्यासारखें आहे. स्वतःच्या लेखणींतून निसटलेलें 'प्रजाजन' त्यानें असें पुसलें कीं तें वाचावयास दोनशें चौतीस वर्षें लागलीं. सभेनें गाळलेलें गुलामांचें कलम मात्र त्यानें कंसांत घालून जसेंच्या तसें राखलें, त्याच्या स्वच्छ नकला करून मित्रांस पाठविल्या, आणि म्हातारपणीं आत्मवृत्तांत तें पुनः उतरून काढलें. गुलामगिरी कायद्यानें बंद झाली ती १८६५ सालीं, घटनेच्या तेराव्या दुरुस्तीनें. त्यानंतर आठ वर्षांनीं पुण्यास जोतीराव फुले यांनीं 'गुलामगिरी' हा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. टॉमस पेनचा मनुष्याच्या हक्कांवरील ग्रंथ त्यांनीं तरुणपणींच वाचला होता असें त्यांचे चरित्रकार सांगतात. 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका आहे ती मात्र ना पेनला, ना लॉकला, ना जेफर्सनला. ती आहे अमेरिकेंतील ज्या सज्जन लोकांनीं गुलामांस दास्यांतून सोडविण्याच्या कामीं हात घातला त्यांस.